एकशे चौदावी रात्र

डुकरीण नराकडून भरवल्या दिवसापासून ११४ दिवसांनी विते. लक्षात राहावं म्हणून 'तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस' असं सांगतात, आणि नवखा माणूस चुकतो तो इथंच. हा हिशेब महिना ३० दिवसांचा धरतो. १ ऑगस्टला भरवलेली डुकरीण कॅलेंडरवर महिने मोजत गेलात तर २५ नोव्हेंबरला येते, पण खरे ११४ दिवस २३ नोव्हेंबरलाच भरतात. आमची पहिली डुकरीण याच दोन दिवसांच्या फरकात व्यायली. आमची तयारी परवाची होती, ती त्याच रात्री मोकळी झाली. सकाळी शेडचं दार उघडलं तेव्हा ११ पिल्लं होती. चार तिच्या अंगाखाली चेपलेली, एक हौदाच्या कडेला गारठून मेलेलं, आणि उरलेली सहा सडाला. ती बिचारी शांत पडून होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

तेव्हापासून आम्ही महिने मोजत नाही, वार मोजतो. ११४ दिवस म्हणजे सोळा आठवडे आणि दोन दिवस. सोमवारी भरवली तर सोळा आठवड्यांनंतरचा बुधवार. दारामागच्या पत्र्यावर खडूनं तो वार आणि तारीख लिहायची. ११२ ते ११६ यातला कोणताही दिवस ती धरू शकते, त्यामुळे ११० व्या दिवसापासून रात्रीचा पहारा सुरू.

आमच्या नेरे गावात डुकरं पाळतो म्हटल्यावर लोक आधी हसतात. पुणे भागात हे काम पिढ्यान्‌पिढ्या वडार आणि कैकाडी समाजानं केलं, आणि त्याबद्दल गावानं त्यांना काय वागणूक दिली ते 'फँड्री' सिनेमा पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. फँड्री हा कैकाडी बोलीतला डुकरासाठीचा शब्द आहे. आता सुशिक्षित पोरं 'वराहपालन प्रकल्प' म्हणून तेच करायला निघाली आहेत. करावंच. पण उकिरड्यावर चरणारं काटक गावठी डुक्कर आणि शेडमध्ये बांधलेली लार्ज व्हाइट यॉर्कशायर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गावठी डुकरीण झुडपात जाऊन, काटक्या-पाला गोळा करून स्वतःचं घरटं करते आणि विते. शेडमध्ये तिला घरटं करायला आपण जागाच ठेवलेली नसते. ते घरटं आपण करून द्यायचं, एवढंच खरं तर या लेखाचं काम.

आमच्या गावाचं एक आहे. एका अंगाला हिंजवडीचं आयटी पार्क, दुसऱ्या अंगाला कासारसाईकडची भातखाचरं. आयटी पार्कातून खरकटं येतं आणि खाचरातून डास. दोन्हींचा संबंध गाभण डुकरिणीशी आहे, तो पुढे सांगतो.

आधी वेळ ठरवा. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते, पेंढा सुकत नाही आणि वीज हमखास जाते. त्या महिन्यांत जन्मलेली पिल्लं जगवणं म्हणजे पावसात चूल पेटवणं. जूनच्या मध्याला भरवलेली डुकरीण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात विते. आठ आठवड्यांनी, डिसेंबर लागताना पिल्लं तोडली की चार ते सात दिवसांत ती पुन्हा माजावर येते. तेव्हा भरवली तर पुढचं वेत मार्चअखेर. ती पिल्लं मेच्या शेवटी तोडली की पुन्हा जून. म्हणजे एकदा गाडी रुळावर बसवली की वर्षाची दोन्ही वेतं ऐन पावसाला चुकवून होतात. मार्चअखेरच्या वेतात पिल्लांना त्रास नसतो, आईला असतो. डुकराला घाम फारसा येतच नाही, म्हणून दुपारी तिच्या मानेवर-पाठीवर पाणी मारावं लागतं.

पहिलटकर मादी आठ महिन्यांची आणि शंभर किलोंच्या पुढची झाल्याशिवाय भरवू नका. पहिला माज सोडून द्या, दुसरा किंवा तिसरा धरा. माजावरची ओळख सोपी आहे. पाठीवर दोन्ही हातांनी दाब दिला की एरवी पळणारी ती जागच्या जागी खांबासारखी उभी राहते, कान टवकारते. माज दोन-तीन दिवस टिकतो. त्यात बारा ते चोवीस तासांच्या अंतरानं दोनदा भरवली तर पिल्लांची संख्या चांगली मिळते. तारीख पहिल्या भरवणीची लिहा. क्लासिकल स्वाइन फीव्हरची लस भरवण्याआधीच टोचून घ्या, गाभण झाल्यावर आठवण नको.

मग २१ दिवसांवर लक्ष ठेवा. अठराव्या ते चोविसाव्या दिवसात ती परत माजावर आली नाही तर बहुतेक गाभण. हा पहिला महिना सर्वांत नाजूक आणि दिसायला सर्वांत निवांत असतो. या दिवसांत जागा बदलू नका, अनोळखी डुकरांत सोडू नका, टेंपोत घालून कुठं नेऊ नका. मारामारीनं किंवा उन्हाच्या तडाख्यानं गर्भ जिरून जातात आणि बाहेर काहीच दिसत नाही. विल्यावर पाचच पिल्लं निघाली की आपण नराला दोष देतो.

खरकटं आणि कोंडा

आयटी पार्कातले मेस, वसतिगृहं, हॉटेलं यांचं खरकटं फुकट मिळतं, कधी वर पैसेही मिळतात. म्हणून या भागात डुकरं पाळायची कल्पना सुचते. माझं मत विचाराल तर वाढीच्या डुकरांना ते द्या, गाभणीला जपून द्या. तिला सुरुवातीचे तीन महिने दिवसाला दोन ते अडीच किलो कोरडं खाद्य पुरतं. खरकट्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, म्हणजे तेवढ्या पोषणाला आठ-दहा किलो खरकटं लागतं. त्यात कधी नुसता भात, कधी तेलाचा तवंग. भातानं ती फुगते, प्रथिनं मिळत नाहीत. फुगलेल्या डुकरिणीला विताना त्रास होतो, दूध कमी येतं, आणि जड अंगानं धपकन बसताना पिल्लं चेपतात ती वेगळीच.

ती जाड झालीय की बारीक, हे डोळ्यांनी कळत नाही. तळहात तिच्या कमरेच्या हाडावर ठेवा. दाब न देता हाड लागलं तर रोड. थोडा दाब दिल्यावर लागलं तर ठीक. दाबूनही सापडत नसेल तर खुराक कमी करा.

खरकटं देणारच असाल तर दोन गोष्टींत तडजोड नको. पहिली, उकळणं. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये पहिल्यांदा सापडला आणि हळूहळू देशभरच्या राज्यांत गेला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांचा अख्खा कळप आठवड्याभरात झोपवतो, आणि आपल्या गोठ्यात टोचायला त्यावर लस नाही. न उकळलेलं खरकटं, त्यातला पोर्कचा एखादा तुकडा, ही त्याची आवडती वाट. जागतिक प्राणी आरोग्य संघटनेचा निकष ९० अंश तापमानाला सलग ढवळत किमान तासभर असा आहे. नुसती एक उकळी फुटली की उतरवायचं, हे उकळणं नव्हे. आम्ही अर्ध्या कापलेल्या पिंपात सेंट्रिंगच्या मोडक्या फळ्यांवर उकळतो आणि ढवळायला एक माणूस उभा असतो. दुसरी गोष्ट मीठ. लोणची, पापड, चाट मसाला सगळं त्यात असतं. खारट खरकटं आणि हौद कोरडा, असं एक दिवस जरी झालं तरी डुकराला झटके येतात. गाभणीला दिवसाला १०-१५ लिटर स्वच्छ पाणी, आणि पिल्लं पीत असताना २५-३० लिटर. दात कोरायच्या काड्या, रबरबँड, दुधाच्या पिशव्या हातानं वेचून काढा.

आमच्या मुळशी भागात भाताच्या गिरण्या आहेत, म्हणून कोंडा आणि कणी परवडते. मक्याचा भरडा, भाताचा कोंडा, शेंगदाणा किंवा सोयाबीनची पेंड, खनिज मिश्रण आणि चिमूटभर मीठ यांचं मिश्रण करून गाभणीसाठी वेगळं पोतं ठेवा. पोतं जमिनीवर नको, भिंतीला टेकवूनही नको. फळीवर ठेवा. आमच्या दमट हवेत मक्याला आठ दिवसांत बुरशी धरते. त्या बुरशीतलं एक विष डुकरिणीच्या अंगात स्त्री-संप्रेरकासारखं वागतं. माज नसताना निरण सुजते, गाभ टिकत नाही. वास कुबट आला की पोतं खताच्या खड्ड्यात टाका. जीव तुटतो, पण टाका.

शेवटच्या महिन्यात खुराक तीन किलोंपर्यंत वाढवा, कारण पिल्लांचं बहुतेक वजन तेव्हाच भरतं. विण्याच्या दोन दिवस आधीपासून मात्र उतरवत आणा आणि गव्हाचा कोंडा पाण्यात भिजवून द्या. शेण कडक झालं की विताना अडतं आणि मागाहून कासेचा दाह होतो. आमची आई हे पाहून म्हणाली, "बायकांच्या बाळंतपणात आम्हाला पेज का द्यायचे, आता कळलं ना?"

डासांचं सांगायचं राहिलं. भातखाचरात साचलेलं पाणी, त्यात उतरणारे बगळे आणि जवळ डुकरं, ही जपानी मेंदूज्वराच्या विषाणूची साखळी आहे. बगळ्यांकडून डासाला, डासाकडून डुकराला, आणि तिथं विषाणू वाढून पुन्हा डासामार्फत माणसाला. मोठ्या डुकरिणीला स्वतःला काही होत नाही, फक्त पिल्लं मेलेली किंवा वाळून काळी पडलेली निघतात. २०२२ च्या अखेरीस पुण्यात एका लहान मुलाला हा आजार झाल्याचं निघालं होतं, तेव्हा शेजाऱ्यांनी आमच्याकडे संशयानं पाहिलं आणि त्यात त्यांची चूक नव्हती. शेडच्या खिडक्यांना जाळी, सांडपाण्याचं उघडं डबकं नाही, संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर. शेड घरापासून आणि खाचरापासून जितकी लांब तितकी बरी. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून वस्तीच्या पूर्वेला शेड असेल तर वासाची अर्धी भांडणं मिटतात. नव्या सोसायट्या उभ्या राहताहेत, ग्रामपंचायतीकडे तक्रार जायला वेळ लागत नाही.

गाभडलेली किंवा मेलेली पिल्लं उघड्या हातानं उचलू नका, घरातल्या गरोदर बाईला तर शेडमध्येच येऊ देऊ नका. ब्रुसेला आणि लेप्टोचे जंतू त्यातून माणसाला लागतात. एखाददुसरं मेलेलं निघणं चालायचंच. पण लागोपाठच्या दोन वेतांत पाच-सहा निघाली तर पशुवैद्यकाला बोलावून नमुने औंधच्या पशुरोग अन्वेषण प्रयोगशाळेला पाठवा. नेऱ्यापासून औंध काही लांब नाही, आणि कारण कळल्याशिवाय पुढची भरवणी म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ.

विण्याचा कप्पा

दहा फूट बाय आठ फुटांचा कप्पा एका डुकरिणीला पुरे. जमीन सिमेंटची, पण घोटीव नको. खराट्यानं ओरखडे ओढलेली हवी, नाहीतर पिल्लांचे मागचे पाय फाकतात. विण्याच्या दहा दिवस आधी कप्पा रिकामा करा. खरवडा, धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यानं घासा, चुना मारा आणि उन्हा-वाऱ्यानं सुकू द्या. सुकणं हे धुण्याइतकंच महत्त्वाचं.

आता सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त पिल्लं वाचवणारी वस्तू. भिंतीलगत तिन्ही बाजूंनी आडवा दांडा, जमिनीपासून आठ ते दहा इंच उंच आणि भिंतीपासून तितकाच पुढे. डुकरीण भिंतीला पाठ घासत खाली बसते आणि भिंतीच्या बेचक्यात सापडलेलं पिल्लू चेपतं. दांडा असला की ती दांड्याला टेकते आणि खालच्या फटीत पिल्लाला निसटायला जागा राहते. लोखंडी पाइप उत्तम. आम्ही पहिल्या वर्षी मुळशीतला जाड बांबू लावला, तिनं दोन महिन्यांत चावून टाकला, तोवर एक वेत निभावलं.

एका कोपऱ्यात तीन फूट बाय दोन फुटांचा पिल्लांचा खण वेगळा करा. आडव्या फळीखाली एवढीच फट ठेवा की पिल्लू जाईल, आई जाणार नाही. यामागचं कारण नीट समजून घ्या. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला ३२ ते ३५ अंश ऊब लागते, आणि आईला १८-२० अंशांत बरं वाटतं. एकाच खोलीत दोघांचं समाधान होत नाही. खोली तापवलीत तर आई खाणं सोडते, दूध आटतं. गार ठेवलीत तर पिल्लं ऊब शोधत आईच्या पोटाखाली शिरतात आणि तिथंच चेपतात. म्हणून खोली आईची, कोपरा पिल्लांचा.

कोपऱ्यात दिवा लावा. जुना १०० वॅटचा तारेचा बल्ब आता सहज मिळत नाही, पण कोंबड्यांच्या ब्रूडरला लागणारे दिवे पोल्ट्रीचं सामान विकणाऱ्याकडे असतात. जमिनीपासून दीड-दोन फुटांवर साखळीनं टांगा. नुसत्या वायरवर टांगलात तर एक दिवस तो पेंढ्यात पडेल. थर्मामीटर नसला तरी चालतं, पिल्लंच सांगतात. एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपली तर थंडी, दिव्यापासून लांब कडेला पसरली तर उकाडा, शेजारी शेजारी आडवी पडली तर बरोबर. दर आठवड्याला दिवा थोडा वर घ्या.

वीज जाणारच, हे धरून चला. आमच्याकडे गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवायची तयारी असते. निखाऱ्यांची शेगडी बंद शेडमध्ये ठेवू नका. तिचा वायू दिसत नाही आणि पिल्लांबरोबर पहारेकऱ्यालाही नेतो.

अंथरायला भाताचा पेंढा बोटभर लांबीचा चिरून घाला. लांब पेंढ्यात पिल्लांचे पाय अडकतात. मात्र मूठभर लांब पेंढा तिच्यासाठी वेगळा टाका. ११० व्या दिवशी तिला कोमट पाण्यानं, साबणानं कास-सडांसकट धुवून या कप्प्यात आणली की एक-दोन दिवसांत ती तो पेंढा तोंडानं ओढून, पायानं उकरून गोल रचू लागते. बांधलेल्या जनावराचं झुडपातलं घरटं ते हेच. त्या कामात असली की ती शांत असते आणि वितेही सुरळीत. जंताचं औषध विण्याच्या दोन आठवडे आधी पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं द्या.

डब्यात सामान भरून ठेवा. टिंक्चर आयोडीन, उकळलेला दोरा, कात्री, जुने सुती कपडे, टॉर्च, हातमोजे, वजनकाटा, वही. डॉक्टरांचा नंबर डब्याच्या झाकणावरच लिहा. फोनमध्ये असतो, पण फोन नेमका चार्जिंगला घरात असतो. सरकारी फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा नंबर १९६२, तोही लिहा.

रात्र

आमचा धाकटा भाऊ हिंजवडीत रात्रपाळी करतो. कंपनीची गाडी त्याला दोनच्या सुमारास सोडते, तेव्हा ११० व्या दिवसानंतर पहिली फेरी त्याची असते. दारातले गमबूट घालतो, चुन्याच्या खोक्यात पाय बुडवतो आणि सड पिळून बघतो. पाण्यासारखा थेंब आला तर अजून दिवस आहे. घट्ट पांढरं दूध धारेनं आलं तर सहा ते बारा तास. निरण सुजलेली, ती ऊठ-बस करतेय, पेंढा चावतेय, हे सगळं आधीच सुरू झालेलं असतं.

एकदा सुरू झालं की साधारण पंधरा-वीस मिनिटांनी एक पिल्लू येतं. सगळं मिळून दोन ते पाच तास. पिल्लू वीतभर, सव्वा किलोच्या आसपास, आणि दोन मिनिटांत सड शोधायला निघतं. आपण करायचं ते थोडं आणि पटकन. नाकातोंडावरचा पडदा पुसायचा. कोरड्या कपड्यानं अंग घासायचं, चांगलं जोरानं, कारण घासण्यानंच श्वास सुरू होतो. निपचित असेल तर मागचे पाय धरून डोकं खाली करायचं, नाकातलं पाणी गळू द्यायचं आणि छाती चोळत राहायचं. मी एकदा एकाला मेलं म्हणून बाजूला ठेवलं होतं. आमच्या आईनं ते उचलून पदरात धरून चोळलं, आणि ते शिंकलं. नाळ बेंबीपासून इंचभर सोडून बांधायची, पुढे कापायची, टोक आयोडीनमध्ये बुडवायचं आणि पिल्लू सडाला लावायचं.

चीक मिळालाच पाहिजे. डुकरिणीच्या वारेतून रोगप्रतिकारक शक्ती पिल्लाकडे जात नाही, म्हणजे पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्याकडे रोगाशी लढायला काहीही नसतं. जे मिळतं ते चिकातून, आणि तेही पहिल्या दिवसातच. चोवीस तासांनी आतड्याची ती दारं बंद होतात. पहिल्या सहा तासांत प्रत्येक पिल्लू प्यालं की नाही हे पाहायला पाठीवर रंगानं खूण करा. पुढच्या सडांना दूध जास्त असतं, म्हणून अशक्त पिल्लं पुढे लावा. दोन-तीन दिवसांत प्रत्येक जण आपापला सड ठरवून घेतो आणि मग कुणी कुणाचा घेत नाही.

दूध सतत वाहत नाही. साधारण तासाभरानं ती एका लयीत हुंकारू लागते, लय वाढते, आणि दहा-वीस सेकंद दूध येतं. तेवढ्या वेळात जो सडावर नाही तो उपाशी. हा आवाज ओळखायला शिका. अंधारातही कळतं की कोण प्यायलं.

तासभर कळा देऊनही पिल्लू येत नसेल, किंवा घाण वास येणारा स्राव आला, तर डॉक्टर. घाईनं ऑक्सिटोसिन टोचणारे भेटतात. आमच्याकडे एकदा टोचलं गेलं, आणि आडवं अडकलेलं पिल्लू आत असल्यानं नुसतीच गर्भाशयाला इजा झाली. वाट मोकळी आहे हे हात घालून तपासल्याशिवाय ते औषध द्यायचं नाही, आणि तपासायचं काम डॉक्टरांचं. पहिलटकर कधी घाबरून पिल्लांना चावते. तशी दिसली तर प्रत्येक पिल्लू उचलून उबेच्या खोक्यात ठेवा, सगळं संपून ती थकून पडली की एकदम लावा. वार पडली की मोजून पुरा, खाऊ देऊ नका.

दुसऱ्या दिवशी तिला फक्त भिजवलेला कोंडा, कोमट पाणी. कास कडक, लाल, ताप साडेएकोणचाळीस अंशांच्या पुढे, आणि ती पोटावर पडून पिल्लांना सड देत नसेल तर त्याच दिवशी इलाज हवा. दोन दिवसांनी पिल्लंच उरत नाहीत. ती बरी असेल तर खुराक हळूहळू वाढवा. तिचे स्वतःचे दोन किलो आणि प्रत्येक पिल्लामागे पाव किलोच्या थोडं वर. दहा पिल्लांच्या आईला पाच किलो लागतात, आणि इथं कंजुषी केली की ती पुढच्या माजाला येत नाही.

तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन, मानेत. पिल्लाला रोज सात मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागतं आणि दुधातून जेमतेम एक मिळतं. उघड्यावरचं पिल्लू माती उकरून ते मिळवतं, सिमेंटवरच्याला ते कुठून मिळणार? पांढरट कान आणि धाप लागलेलं पिल्लू दिसलं की समजा विसरलात. दहाव्या दिवसापासून कोपऱ्यात थोडं भरड खाद्य ठेवा. नरांचं खच्चीकरण दोन ते चार आठवड्यांत.

एकीला चौदा पिल्लं आणि दुसरीला सहा, असं एकाच आठवड्यात झालं तर पहिल्या दोन दिवसांत वाटून टाका. चीक प्यालेली, अंगानं दणकट पिल्लं दुसरीकडे द्या. तिच्या पिल्लांच्या आणि नव्यांच्या अंगाला एकच वास, कापराचं तेल किंवा बाम, चोळा म्हणजे तिला फरक कळत नाही.

सरकारी योजनेबद्दल विचारतात. राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर माद्या आणि दहा नरांच्या प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या निम्मं, ३० लाखांपर्यंत अनुदान आहे. माझा सल्ला, आधी तीन माद्या घ्या, वर्षभर सहा वेतं स्वतःच्या हातानं काढा. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊन जाणकारांशी बोला. शंभर डुकरिणींच्या रात्री एका माणसाला जागता येत नाहीत.

पिल्लं विकायला व्यापारी येईल तेव्हा त्याला आणि त्याच्या टेंपोला फाटकाबाहेर ठेवा. तो सकाळपासून चार शेडमधून फिरून आलेला असतो. पिल्लं तुम्हीच बाहेर आणून द्या. आणि चांगल्या आईची मादी पिल्लं काढून देण्याआधी उलटी धरून सड मोजा. बारा सड असतील आणि एकही आत वळलेला नसेल, तर ते पिल्लू ठेवून घ्या.